वेचून खाण्याचा हक्क

रिसालदार गल्लीत, कचेरीसमोर,
झेरॉक्स मशीनला खेटून माझं टेबल.
तीन भाषांत टायपिंग करून मिळेल.
बोर्डावर कन्नड रंगात, मराठी खडूनं.
खडू रोज पुसला जातो,
कधी पावसानं, कधी माझ्याच पदरानं.

निंगोजी हुंदरे बेळगुंदीहून आले.
पिशवीत रताळी, माती न झटकलेली, माझ्यासाठी;
आणि नातवाच्या मोबाइलवरून छापून आणलेला कागद.
"परश्यानं तिकडं जागा घेटलाय. वाच की बाई."

परशराम उद्यमबागेत फौंड्रीत साचे भरायचा.
मग थायलंडला, रयाँगला गेला. तिथंही साचेच.
लग्न झाल्यावर प्रानीला घेऊन एकदा आला होता;
परदेशी माणसांच्या नोंदणीला मी बरोबर गेले.
कारकून नाव वाचून हसला : "प्राणी?"
तीही हसली.
तिच्या भाषेत त्या नावात दया असते,
हे तिनंच मला सांगितलं, नंतर, जिन्यात.

मी वाचलं :
खाली सही करणारा मी, परदेशी इसम,
जाहीर करतो की या जमिनीची रक्कम
सर्वस्वी माझ्या पत्नीची आहे,
तीवर माझा आज वा पुढे
कसलाही दावा नाही.

निंगोजींनी टोपी काढली, परत घातली.
"काय सांगूलीस? पैसं कुणाचं गेलं?"
परशरामाचे.
"मग?"
मग तिथला कायदा.
बाहेरच्याला जमीन नावावर करता येत नाही.
घर बांधावं, विटा त्याच्या असू शकतात,
विटांखालचं काही नाही.
राहायला परवाना हवा : बँकेत चार लाख बाट, न हलवता,
आणि दर नव्वद दिवसांनी कळवायचं
की मी अजून याच पत्त्यावर आहे.

"दर नव्वद दिसांनी," ते म्हणाले,
"आणि आम्हाला दसऱ्याला सुदीक फोन न्हाई."

दुसऱ्या पानावर मी जरा अडले.
प्रानी नवऱ्याला लिहून देते, त्याच्या हयातीपर्यंत :
इंग्रजीत एक लांबडा शब्द,
आणि खाली तिच्या भाषेतला अर्थ,
नुसता : वेचणं, खाणं.
त्या जमिनीतलं वेचून खाण्याचा हक्क.

"म्हंजे कूळ."
कूळ नाही, म्हटलं. मग काय, ते मला सांगता येईना.

मार्गशीर्षात याच टेबलावर
शालनचं हक्कसोडपत्र मी टाइप केलं होतं. त्यांची लेक.
"राजीखुशीनं, कुणाच्याही दडपणाशिवाय" –
ही ओळ माझी बोटं झोपेतही लिहितील.
शालन म्हणाली, सही झाली, आता चहा तरी पाज.
दोन घोट घेतले, बसची वेळ झाली म्हणून उठली.
तिच्या कागदात वेचायची, खायची ओळ नव्हती.
घालता आली असती.
कुणी सुचवली नाही. मीही नाही.

निंगोजींनी सवयीनं स्वतःचा उतारा काढला.
"ह्येबी बघ. माझं नाव हाय न्हवं अजून?"
चाळीस वर्षं ते कुणाला तरी हेच विचारतात.
गोल गोल अक्षरांच्या तिसऱ्या ओळीवर
मी त्यांचं बोट धरून ठेवलं.
हाय.
बोट तिथंच राहिलं थोडा वेळ.
"परश्याला तिकडची अक्षरं येतात म्हण?"
येतात. वाचतो, लिहितो.
"बरं झालं."

उठले. पिशवीची घडी केली, उलगडली.
"ती वेचायची वळ…
शालनच्या कागदात घालाय येते काय?"
ते सुटलं आता, मी म्हटलं. नवीन करावं लागेल.
स्टँप लागेल, दोन साक्षीदार,
आणि पोरांची संमती.
"धाकट्याची," ते म्हणाले, आणि पुढं बोलले नाहीत.

किती पडतील विचारलं.
मी आकडा सांगितला, माझी मजुरी सोडून.
त्यांनी खिशातले मोजले,
बसचे बाजूला काढले, परत मोजले.
शनिवारच्या बाजाराला येतो, म्हणाले.

आज मंगळवार.
रताळी टेबलाखाली आहेत.